‘ध’चा ‘मा’ कोणी केला?

गेल्या वर्षी आमच्या पेडणे तालुक्यातल्या एका गावी उत्सवाच्या दुसऱ्या रात्री ‘भाऊबंदकी’ नाटक झाले. गोव्यातल्या खेड्यांना अशी उत्सवी नाटके नवीन नाहीत. पेडण्यात काय किंवा डिचोलीत काय, देवळाचा उत्सव म्हटला की गावच्या हौशी मंडळींचे एक ऐतिहासिक वा पौराणिक मराठी नाटक ठरलेलेच. दोन महिने तालमी चालतात, पडदे आणि ड्रेपरी भाड्याने येते, गावातली मुलगी मिळाली नाही तर बाहेरून नटी बोलावतात, आणि दहाला सुरू व्हायचे नाटक साडेअकराला सुरू होते. त्याही रात्री तसेच झाले.

माझ्या लक्षात राहिले ते मात्र नाटकाच्या आधीचे आणि नंतरचे. आनंदीबाईची भूमिका प्रथम माझ्या आतेबहिणीला विचारली होती. ती आमच्याच वयाची, कॉलेजात शिकणारी, वक्तृत्वाची बक्षिसे मिळवलेली. तालीम मास्तरांनी दोन पाने वाचून घेतली आणि ‘झाले, आनंदीबाई सापडली’ म्हणून सांगून टाकले. पण तिचे मामा, म्हणजे माझे काका, यांनी तिला ओसरीवर बोलावून सांगितले, “दुसरी कुठलीही भूमिका कर, बाय. ती मात्र नको. वर्षभर गाव तुला त्याच नावाने हाक मारील.” शेवटी नटी बाहेरून आली. तिने काम झकास केले. ते इतके झकास, की खुनाचा प्रवेश संपला तेव्हा माझ्या मागे बसलेली एक आजी रंगमंचाकडे बोट करून मोठ्याने म्हणाली, “तिणेंच केलें सगळें!” आणि राघोबाचे काम करणारे गृहस्थ? दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाच्या दुकानात बसले होते आणि येणारा-जाणारा त्यांच्या पाठीवर थाप मारून जात होता. त्यांना कोणी वर्षभर राघोबा म्हणणार नव्हते, आणि म्हटले असते तरी त्यांना त्यात कमीपणा वाटला नसता.

मित्रहो, त्या आजीचे म्हणणे खरे काय, हा या लेखाचा विषय आहे.

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, पुण्याच्या शनिवारवाड्यात गारदी शिरले आणि त्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला ठार केले. पोरगा चुलत्याच्या गळ्याला मिठी मारून ‘काका, मला वाचवा’ असे ओरडला, ही आठवण लोकांनी आजवर जपली आहे. चुलता रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होता. त्याने गारद्यांना ‘नारायणरावास धरावे’ असे लिहून दिले होते; त्याची बायको आनंदीबाई हिने ‘ध’चा ‘मा’ केला, ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, आणि एका अक्षराने पेशव्याचा जीव घेतला. मराठीत वाक्प्रचार झाला, शाळेतल्या मुलांना पाठ झाला. मसलत करणारी, रूपाने आणि बुद्धीने नवऱ्याला खेळवणारी, स्वतः पडद्याआड राहून दुसऱ्याच्या हाताने खून पाडणारी बाई म्हणजे आनंदीबाई, असे समीकरण होऊन बसले.

आता हे आपल्याला कोणी सांगितले, ते पाहू. इंग्रज ग्रंथकार जेम्स ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी. त्यात ‘धरावे’चे ‘मारावे’ झाल्याची हकीगत आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, रघुनाथरावाला जाब विचारला, तेव्हा पुतण्याला पकडण्याचा हुकूम आपण दिल्याचे त्याने कबूल केले, असे डफ लिहितो. मात्र ते अक्षर आनंदीबाईने बदलले, हे सांगताना डफ कोणा साक्षीदाराचे नाव घेत नाही. तसे लोकांचे सर्वसाधारण मत आहे, एवढेच तो म्हणतो. लोकांचे मत! डफने निदान ते मत म्हणून लिहिले. आपण त्याचा पुरावा करून टाकला.

याच हकीगतीत दुसरी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. ज्या न्यायाधीशाने या खुनाचा शोध केला त्याने दोषी ठरवले ते कोणाला? रघुनाथरावाला. त्याने प्राण देऊनच या पापाचे प्रायश्चित्त घेतले पाहिजे, असे रामशास्त्र्यांनी त्याला तोंडावर सांगितले आणि पुण्याचा निरोप घेऊन ते वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले. रामशास्त्र्यांचा निःस्पृहपणा आपण दोनशे वर्षे गातो आहोत. त्यांच्या नावाचे धडे आहेत, त्यांच्यावर चित्रपट आहे. पण त्यांचा निकाल मात्र आपण मानलेला नाही. त्यांनी पुरुषाला शिक्षा सांगितली, आणि आपण ती गुपचूप त्याच्या बायकोच्या नावावर चढवली!

रघुनाथरावाला या कामी कोणी फूस लावण्याची गरज तरी होती काय? हा तोच पुरुष, ज्याच्या नावावर १७५८ सालची अटकेची स्वारी आहे. हाच १७६२ साली पुतण्या माधवरावाविरुद्ध निजामाची मदत घेऊन लढला. १७६८ साली त्याने पुन्हा उचल केली तेव्हा माधवरावाने धोडपला त्याचा पराभव करून त्याला शनिवारवाड्यात कैदेत ठेवले. पुढे खुनानंतर बारभाईंनी कारस्थान करून त्याला दूर केले, तेव्हा तो इंग्रजांकडे गेला आणि १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई देण्याचे कबूल करून बसला. बाराएक वर्षांचा हा सरळ हिशेब आहे. यातल्या कुठल्या कागदावर आनंदीबाईने काना-मात्रा बदलली? वसई देण्याचे वचन तिने लिहून दिले होते काय? तलवार त्याची, महत्त्वाकांक्षा त्याची, सही त्याची. एका दुपारच्या खुनापुरता मात्र तो भोळा, बायकोच्या ओंजळीने पाणी पिणारा!

शिवाय वाड्यात शिरले ते गारदी. सुमेरसिंग हा त्यांचा एक म्होरक्या. तुळाजी पवार हा वाड्यातलाच सेवक. थकलेल्या पगाराची तक्रार होती, दरबारात असंतुष्ट मुत्सद्दी होते. एवढ्या पुरुषांनी मिळून केलेल्या कटाचा सगळा भार एका अक्षरावर आणि ते अक्षर एका बाईवर, हा हिशेब मला तरी पटत नाही.

माझ्यावर कोणी असा आरोप करू नये, की हा आनंदीबाईला निर्दोष ठरवायला निघाला आहे. तशी माझी प्रतिज्ञा नाही. ती बुद्धिमान आणि करारी होती, राजकारण तिला कळत होते, नवऱ्याने गादीवर बसावे असे तिला वाटत असणार. कटाचा तिला सुगावाही असेल. पण ‘असेल’ आणि ‘आहे’ यांत फरक आहे, आणि तो फरक कॉलेजात शिकणाऱ्यांनी नाही ओळखायचा तर कोणी? तिचे पुढचे आयुष्यही पाहावे. नवरा लढाया करीत फिरत असताना धारच्या किल्ल्यात ती बाळंत झाली. जानेवारी १७७५ मध्ये तिथे जन्मलेला मुलगा म्हणजे दुसरा बाजीराव. १७८३ साली रघुनाथराव वारला. त्यानंतरची वर्षे तिने कोपरगाव आणि नाशिकजवळचे आनंदवल्ली इथे पहाऱ्याखाली काढली आणि १७९४ साली ती गेली. रंगमंचावरच्या त्या पैठणीतल्या मोहिनीच्या आयुष्याचा हा शेवट कोणत्याच नाटकात आपण पाहत नाही.

इथे नाटकाविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत, कारण आनंदीबाई आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून भेटलेली नाही, ती रंगभूमीवरून भेटली आहे. पेडणे आणि डिचोली हे मुलूख १७७३ साली पोर्तुगीजांचे नव्हते; ते सावंतवाडीकर भोसल्यांकडून पुढे अठराव्या शतकाच्या शेवटी ‘नव्या काबिजादी’ म्हणून पोर्तुगीजांकडे गेले. पुण्याच्या वाड्यातला तो खून आमच्या गावच्या मांडवापर्यंत आला तो नाटकमंडळ्यांच्या बरोबर, उत्सवांच्या बरोबर.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ साली रंगभूमीवर आले. दोनच वर्षांपूर्वी सुरतेला काँग्रेस फुटली होती. घरातल्या फुटीने राज्य कसे बुडते, हे त्या काळच्या प्रेक्षकांना निराळे समजावून सांगावे लागले नाही. नाटक जबरदस्त आहे याबद्दल वाद नाही. पुढे मुंबई मराठी साहित्य संघाच्या प्रयोगात नानासाहेब फाटक राघोबा, मामा पेंडसे रामशास्त्री आणि दुर्गा खोटे आनंदीबाई होत्या. त्याच दुर्गाबाईंनी १९५४ साली शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’ नाटकात, म्हणजे मराठी ‘मॅकबेथ’मध्ये, लेडी मॅकबेथचे काम केले. प्रभातच्या १९४४ सालच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात आनंदीबाई झाल्या होत्या ललिता पवार. म्हणजे ही भूमिका मोठ्या नटींची आहे, कस पाहणारी आहे.

लेडी मॅकबेथची आठवण सहज आलेली नाही. इंग्रजीच्या वर्गात आपण ‘मॅकबेथ’ वाचतो तेव्हा प्राध्यापक एक गोष्ट बजावून सांगतात, की खंजीर मॅकबेथच्या हातात आहे आणि राजा होण्याची इच्छाही आधी त्याच्याच मनात आहे. शेक्सपिअरने त्या बाईला झोपेत चालायला लावले, हात धुवायला लावले, तिला मन दिले. हे आपण परीक्षेत पाच गुणांसाठी लिहितो. आणि गावी जाऊन ‘भाऊबंदकी’ बसवताना आनंदीबाईला फक्त डोळे फिरवायला सांगतो. कानाशी लागायचे, पदर झटकायचा, एका बाजूला तोंड करून हसायचे, आणि टाळ्या घ्यायच्या. नाटककाराने लिहिलेले निम्मे शब्द तालमीत गळतात ते याच भूमिकेचे, असा माझा अनुभव आहे.

याचे मूळ आणखी जुने आहे. पेडण्याकडे काल्याच्या रात्री दशावतार पाहत आम्ही लहानाचे मोठे झालो. संकासूर येऊन गेला, पहाट व्हायला आली, की आख्यानात हटकून एखादी राणी सावत्र पोराच्या जिवावर उठते. राजा बिचारा भला असतो. तो फक्त तिचे ऐकतो. तिचे काम करणारा पुरुषच असतो, कारण दशावतारात स्त्रीपार्ट पुरुषांनीच करायचा ही परंपरा. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातले मित्र सांगतील, की यक्षगानातही स्त्रीवेष पिढ्यान् पिढ्या पुरुषांनीच केला. मी या कलावंतांना दोष देत नाही. त्यांच्याइतके अभ्यासू नट थोडे. पण पुरुषांनी रचलेली, पुरुषांनी वठवलेली आणि पुरुषांना सोयीची अशी ही कपटी बाई आहे, हे विसरून चालणार नाही. कैकेयीने राम वनात धाडला. वर कोणी दिले होते ते मागे राहते. शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सोयराबाईवरही विषाचा आळ आला, आणि तोही पुराव्यापेक्षा तोंडातोंडी अधिक वाढला. घर फुटले, राज्य बुडाले की आत पाहायचे आणि एक बाई शोधायची, ही आपली सवय झाली आहे.

कोणी म्हणेल, नाटक ते नाटक. त्यावर एवढे काथ्याकूट कशाला? मी म्हणतो, नाटक मांडवात संपत नाही म्हणून.

‘भाऊबंदकी’ हा शब्द आमच्या दोन्ही तालुक्यांत रोज लागतो. बापजाद्यांचे एक घर, चार भाटे, थोडे शेत, आणि त्यावर दहा-वीस नावे. मोपाचा विमानतळ झाल्यापासून पेडण्यात तर पडीक माळालाही भाव आला आहे. भाऊ भावाशी बोलत नाही; कोर्टात इन्व्हेंटरी घालतात आणि ती वर्षानुवर्षे चालते. भांडण असते दोन भावांचे, आणि गाव म्हणतो, “पूर्वी असा नव्हता हो तो. बायको आली आणि बिघडला. तिने कान भरले.” भाऊ सज्जन, वहिनी आनंदीबाई! नारायणरावाच्या खुनाचा निकाल आपण आजही घरोघर तसाच देतो आहोत.

आणि हे गोव्यात! १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याने दिलेला वारसा इथे आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी-निम्मी. स्थावर विकायचे तर दोघांची संमती हवी. मुलीला मुलाइतकाच वाटा. वारसाहक्काचा भाग पुढे गोवा विधानसभेच्या २०१२ च्या कायद्यात आला, तरी मुलीचा समान वाटा कायम राहिला. शनिवारवाड्यातल्या बाईला दरबारात बसायला जागा नव्हती. तिला काही घडवायचे असते तर नवऱ्याच्या कानाशी लागण्याखेरीज मार्गच नव्हता. आमच्या वहिनीला कान भरण्याची गरज नाही. कायद्याने तिच्या हातात पेन दिले आहे. ती आपल्या हक्काचे बोलली तर ते कारस्थान कसे?

बहिणींचे तर विचारूच नका. लेकीचा वाटा समान आहे हे सर्वांना ठाऊक असते, म्हणूनच वाटणीच्या वेळी तिच्यापुढे हक्कसोड पत्र ठेवले जाते. तिने हसत सही केली तर ती गुणाची. ‘मला जरा वाचू दे’ म्हणाली की तिच्या मागे कोण आहे याचा शोध सुरू होतो. माझ्या आत्याने अशी सही केलेली नाही. तिने कोणाविरुद्ध दावा लावला नाही, आवाज चढवला नाही; नुसती सही केली नाही. तेव्हापासून आमच्या घरात तिचे नाव निघाले की कोणीतरी ‘ध’चा ‘मा’ म्हणतेच. माझ्या आतेबहिणीला काकांनी ती भूमिका का करू दिली नाही, हे मला नाटकाच्या रात्री उशिरा समजले. गावाने तिला आनंदीबाई म्हटले असते हे खरे. पण त्यांनी स्वतः तिच्या आईला ते नाव आधीच दिले होते, आणि तेच रंगमंचावर, उजेडात, सर्वांसमोर आलेले त्यांना नको होते.

मग ‘भाऊबंदकी’ करूच नये काय? उलट मी म्हणतो, करावे, आणि नीट करावे. मुळातले शब्द गाळू नयेत. राघोबाला भोळा सांब करू नये; गादीसाठी आयुष्यभर धडपडलेला, शूर आणि दुबळा असा तो जसा होता तसा तो दिसावा. रामशास्त्र्यांचा प्रवेश रंगवताना शिक्षा कोणाला सांगितली जात आहे ते प्रेक्षकांच्या कानावर स्पष्ट पडावे. आनंदीबाईला मन द्यावे. ती काय इच्छिते, कशाला भिते, तिला वाड्यात कोणता अधिकार होता आणि कोणता नव्हता, हे नटीने आणि दिग्दर्शकाने तालमीत बसून शोधावे. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धांमुळे आमच्या गावच्या मंडळींना प्रकाशयोजना आणि नेपथ्य यांचा विचार करण्याची सवय लागली आहे. तेवढाच विचार एका भूमिकेचाही होऊ शकतो.

मला ठाऊक आहे की खलनायिका सौम्य झाली तर नाटक पडेल, अशी मंडळींना भीती वाटते. पण प्रेक्षक इतका अडाणी नसतो. ज्या आजीने बोट दाखवले तिलाही आयुष्यात वाटण्या, सह्या आणि भाऊ ठाऊक आहेतच. तिला एकदा विचारून तर पाहा, की तिच्या घरी ‘ध’चा ‘मा’ कोणी केला होता.

आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात यंदा ‘भाऊबंदकी’चे दोन प्रवेश करावेत, अशी सूचना मी नाट्यमंडळाकडे दिली आहे. आनंदीबाईच्या भूमिकेसाठी माझ्या आतेबहिणीने नाव दिले आहे. काकांना तिने स्वतः जाऊन सांगितले. ते काही बोलले नाहीत. प्रयोग किती वाजता आहे, एवढेच त्यांनी विचारले.